सात पाणी

किनोआ कडू असतो हे मला माहीत होतं,
बाबांना नव्हतं.
पहिल्या दिवशी त्यांनी तो तसाच शिजवला
आणि पाक्सीनं असं तोंड केलं
की खाणीतल्या कुठल्या मुकादमानंही
त्यांच्याकडे कधी तसं पाहिलं नसेल.

आता ते धुतात. पहाटे,
एल आल्तोच्या हाडं कुरतडणाऱ्या थंडीत,
आधी नळाला गरम पाण्याचं फडकं गुंडाळून,
मग पातेल्यात हात फिरवत.
साबणासारखा फेस येतो.
ओततात. पुन्हा पाणी, पुन्हा फेस.
सात पाणी, मोठ्यानं मोजून.
शेवटी एक दाणा जिभेवर ठेवतात
आणि मान हलवतात,
जणू दगडात कथील किती ते सांगायचंय.

एवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं
आणि लवकर काहीच शिजत नाही.
गॅसपाशी तासभर बसून राहतात,
भोपळ्याची फोड चमच्यानं दाबतात,
बटाटा दाबतात,
झाकण ठेवतात, पुन्हा काढतात.
आईचा पाटा खाली उतरवलाय त्यांनी,
वरचा अर्धचंद्री दगड डुलवत वाटतात.
आई होती तोवर त्यावर फक्त मिरची वाटली जायची,
म्हणून तीनदा उकळतं पाणी ओतलं,
तरी आधी स्वतः चाटून पाहिलं.

दवाखान्यातली नर्स म्हणाली,
वर्षभर मीठ नको, साखर नको, मध तर नकोच.
"मीठसुद्धा नाही?" बाबा तिच्याशी भांडले.
घरी आल्यावर स्वतःच्या ताटलीतही घातलं नाही,
म्हणाले, तिला कळतं.
नर्सनं लोहाच्या पुड्या दिल्या, रोज एक.
ते पुडी उजेडाकडे धरून बघतात.
चाळीस वर्षं डोंगराच्या पोटातून धातू काढला,
आता चिमूटभर
एवढ्याशा पोटात घालायचा.

मी बाळ होते तेव्हा ते जमिनीखाली असायचे.
वर यायचे तेव्हा मी झोपलेली.
एकदा विचारलं, मला काय भरवायचात?
"तू आपली आपण मोठी झालीस," म्हणाले,
आणि नंतर बराच वेळ
शिजून झालेली पेज ढवळत राहिले.

मी केबल-कारनं खाली शहरात उतरते,
लोकांच्या खिडक्या पुसते.
रविवारी मात्र घरी असते, बघते.

ते चमचे मोजतात.
खाणीत सात सुरुंग लावले
तर सात आवाज ऐकायचे.
सहाच ऐकू आले तर आत पाऊल टाकायचं नाही,
बसायचं.
पाक्सी सहा चमचे खाते आणि ओठ मिटते.
बाबा बसतात.
खोकला येतो, तोंड भिंतीकडे वळवतात,
छातीतली सगळी जुनी धूळ खडखडते.
चमचा मात्र तिच्याकडेच धरलेला,
थरथरत,
हनुवटीवर एक थेंब पडतो, दुसरा पडतो.
मी म्हणते, पुरे झालं असेल तिला.
ते हातानंच मला गप्प करतात.

गेल्या रविवारी तिनं तोंड उघडलं
आणि चमचा आत जाताना
टिक् असा आवाज झाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
चमचा बाहेर काढला, पुन्हा हळूच टेकवला.
टिक्.
दोघांच्या तोंडांत मिळून आजवर
एक दात नव्हता.
बोट धुऊन आले, हिरडीवरून फिरवलं,
तिनं ते कचकन दाबलं
आणि ते ओरडले,
एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या फेलिसाबाई
कणकेच्या हातानं दारात आल्या.

नंतर पाटा धुताना
पाठमोरेच म्हणाले,
उद्यापासून जरा भरड ठेवतो.